गाठ साधी, पण सोसणारं मूल लहान

मुलाच्या अंगावर गाठ आली आणि डॉक्टर म्हणाले, “कर्करोग नाही,” की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण साधी गाठसुद्धा कधी श्वास कोंडते, कधी डोळा झाकते, रात्रीची झोप उडवते.

न्यूरोफायब्रोमाटोसिस नावाचा एक जन्मजात आजार आहे. त्याचा पहिला प्रकार सुमारे 3000 मुलांत एकाला होतो. त्यांतल्या काहींच्या मज्जातंतूंत, झाडाची मुळं भिंतीत शिरावीत, तशी गाठ पसरते. ती कापायला जावं तर मज्जातंतूंनाच इजा व्हायची भीती!

ती वाढते का? पाटाला जशी फळी, तसं पेशींच्या वाढीला आवर घालणारं एक प्रथिन शरीरात असतं. या मुलांत ते पुरेसं नसतं. फळी मोडली तर शेतकरी पाटात पुढे मातीचा बांध घालतो. सेल्युमेटिनिब हे औषध तेच करतं. वाढीचा निरोप पुढच्या टप्प्यावर अडवतं.

पण औषध लागू पडलं हे ठरवायचं कसं? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी आधी 24 मुलांना किती मात्रा सोसते ते पाहिलं. मग 50 मुलांना ते रोज दोनदा दिलं. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवली नाही. एम.आर.आय. चित्रांवरून गाठीचं आकारमान मोजलं. निदान पाचवा हिस्सा घटला, तरच गुण आला म्हणायचं. 35 मुलांत तो पुन्हा मोजूनही पक्का ठरला. शिवाय, “किती दुखतं?” हे मुलांनाच विचारून आकड्यांत टिपलं, तेही कमी झालं होतं. हे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

मात्र गाठ समूळ जात नाही. मळमळ, जुलाब, पुरळ हे त्रास होतात. 5 मुलांचं औषध त्यापायी थांबवावं लागलं. मूल वर्षानुवर्षं औषध घेणार, म्हणून फायद्याबरोबर त्रासाचाही हिशेब ठेवावा लागतो.

गुरुजींना एक विनंती. एखाद्या मुलाच्या अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग दिसले, तर ‘ग्रहणाचे डाग’ म्हणून सोडून देऊ नका. हा आजार संसर्गाचा नाही. त्या मुलाला वेगळं बसवू नका. आईबापांना भिववूही नका. डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगा.