तीन राज्यांची पेठ आणि मजुरीचा हिशेब

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी या भागातील व्यापाऱ्यास एका राज्याचा व्यापारी म्हणणे कागदोपत्री बरोबर असले, तरी व्यवहारात ते कधीच पुरते खरे नव्हते. त्याचा गूळ कोल्हापुराहून येतो, त्याच्या भागातील भाजी व दूध चोर्ल्याच्या घाटाने गोव्यास उतरते, आणि त्याच्या खतावणीत इचलकरंजी, सांगली, हुबळी व मडगाव ही नावे शेजारी-शेजारी नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन हा मुलूख मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सीमा बदलल्या, परंतु पेठांची नाती तुटली नाहीत. यास्तव तिन्ही राज्यांतील उत्पन्न, महागाई व मजुरी यांचा विचार आम्हांस दूरचा वाटत नाही. तो आमच्या रोजमेळाच्या वहीतलाच विचार आहे.

प्रथम उत्पन्नाकडे पाहू. दरडोई उत्पन्नाच्या कोष्टकात गोवा देशातील अगदी वरच्या राज्यांत मोडतो. चालू किमतींनुसार २०२३-२४ साली कर्नाटकाचे दरडोई उत्पन्न सव्वातीन लाख रुपयांच्या वर होते, तर महाराष्ट्राचे पावणेतीन लाखांच्या वर. एकंदर उत्पादनात महाराष्ट्र देशात पहिला असूनही दरडोई हिशेबात तो या दोघा शेजाऱ्यांच्या मागे आहे. तथापि सरासरी ही मोठी फसवी गोष्ट होय. कर्नाटकाची सरासरी बेंगळुराने उचलून धरली आहे, महाराष्ट्राची मुंबई, ठाणे व पुणे यांनी. आमचा बेळगाव जिल्हा राज्याच्या सरासरीच्या पुष्कळच खाली आहे. राज्य श्रीमंत झाले म्हणून आमच्या गोदामातील हमालही श्रीमंत झाला, असे मानणे हा भाबडेपणा ठरेल.

आता भावांकडे वळू. जुन्या पिढीतील व्यापाऱ्यांस नाक्यावरील रात्री आठवत असतील. विक्रीकर, प्रवेशकर, जकात यांचे दर या बाजूस एक व त्या बाजूस दुसरे असत, आणि त्या फरकावरच कित्येकांचा नफा उभा राही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि तो काळ संपला. कापड, साबण, भांडी, सिमेंट यांवरील कर तिन्ही राज्यांत एकच झाला. पेट्रोल, डिझेल व मद्य मात्र त्या कराबाहेर राहिले. त्यांत राज्यांचा हात केवढा चालतो हे २०१२ साली दिसलेच होते. त्या वर्षी गोवा सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले. परंतु हे अपवाद होत. घरखर्चाच्या बहुतेक जिनसा आज सीमेच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सारख्याच भावाने मिळतात.

भाव सारखे झाले; मजुरी मात्र सारखी झाली नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने बहुतेक धंद्यांतील किमान दर ठरविण्याचे काम राज्यांकडे दिले होते. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. केंद्राने तळाचा दर ठरवावा व राज्यांनी त्याखाली जाऊ नये, अशी तीत तरतूद आहे. परंतु त्यावरचा फरक राहणारच. ग्रामीण रोजगार हमीसाठी केंद्राने २०२५-२६ साली जाहीर केलेले दर पाहावेत: गोव्यात दिवसास ३७८ रुपये, कर्नाटकात ३७०, महाराष्ट्रात ३१२. दूधगंगेच्या पुलाअलीकडे कोगनोळी आणि पलीकडे कागल तालुक्यातील खेडी. मध्ये नदीचे पात्र तेवढे. पण एका दिवसाच्या घामाच्या किमतीत ५८ रुपयांचे अंतर!

त्यातच सरकारी साहाय्याचा भेद आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून स्त्रियांस राज्याच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळू लागला. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून त्यांस एस.टी.चे अर्धे तिकीट झाले. कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार रुपये २०२३ साली सुरू झाले, तर महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जुलै २०२४ पासून. एकाच गोदामात शेजारी बसून धान्य निवडणाऱ्या दोघी, एक खानापूरची व दुसरी चंदगडची, सारखीच मजुरी घेऊन घरी गेल्या, तरी त्यांच्या घरचा हिशेब सारखा राहत नाही. येथेच मालकाच्या मनात एक मोह शिरतो: सरकार देतच आहे, मग आपण मजुरी कशास वाढवावी? आम्हांस हा विचार घातक वाटतो. ते पैसे त्या बाईच्या संसारासाठी आहेत, आमच्या नफ्यास टेकू म्हणून नव्हेत.

मजुराचा खर्चही पूर्वीचा राहिलेला नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा पाया २००१ वरून २०१६ वर आणला गेला, तेव्हा त्यातील अन्नाचा वाटा शेकडा ४६ वरून ३९ वर उतरला. घराचा १५ वरून १७ वर गेला. आणि शिक्षण, औषधपाणी, प्रवास इत्यादींचा २३ वरून ३० वर चढला. आमच्या वडिलांच्या काळी दिवाळीस नोकरास पोते-दोन पोती धान्य व कापड दिले की मालकाचे कर्तव्य झाले असे समजत, आणि त्या काळी ते योग्यही होते. आज दुकानातील माणूस धान्यापायी तितका अडत नाही. तो अडतो खोलीच्या भाड्यापायी, मुलीच्या फीपायी, आईच्या औषधापायी. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस कामगार राज्य विमा योजना लागू होते. आमची बहुतेक दुकाने दोन-चार नोकरांची. तेव्हा तेथील माणूस आजारी पडला की मालकाची उचल किंवा सावकार, एवढेच त्याच्यापुढे उरते.

या ठिकाणी आम्हांस आपल्या व्रतांचे स्मरण होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना खोटी मापे व भेसळ यांच्या पंक्तीस विरुद्धराज्यातिक्रम बसविला आहे. नाक्याची चोरी करू नये, हा त्याचा व्यवहारी अर्थ आपल्या वाडवडिलांनी जाणला होता. परंतु त्याच ग्रंथात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हेही सांगितले आहेत. शक्तीबाहेर ओझे लादणे आणि आश्रितांचे अन्नपाणी अडविणे ही हिंसाच होय. कराचा फरक गेल्यावर सीमेवरील व्यापाऱ्यास सहज साधेल असा फरक आता मजुरीचाच उरला आहे. पलीकडचा माणूस स्वस्त मिळतो म्हणून त्याच्या पोटातून नफा काढणे कायद्यात बसेल. व्रतात ते बसेल काय?

आमची सूचना साधी आहे. संघाने दर वर्षी आपल्या पेठेतील खोलीचे भाडे, शाळेची फी, गॅस व प्रवास यांचा हिशेब मांडावा, आणि कोणत्याही राज्याच्या किमान दरावर न थांबता त्या हिशेबास धरून दुकानातील व गोदामातील माणसांसाठी एक पगारपत्रक सभासदांपुढे ठेवावे. लहान दुकानांनी मिळून औषधपाण्याचा एक निधी उभारावा. १८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, आणि पुढे समाजाने मुलांसाठी वसतिगृहे चालविली, ती व्यापाऱ्यांच्याही दानाच्या बळावरच. त्या मानाने हे काम मोठे नाही.

वर्षाअखेरीस आपण खतावणीचा मेळ घालतो. जमा-नावे जुळली की मनास समाधान वाटते. त्या मेळात आपल्या दुकानी राबणाऱ्या माणसाच्या घरचा मेळही धरावा, एवढीच आमची सर्व व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे.