मुलांचे प्रश्न आणि शिक्षकांचे मौन

शाळेत प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला असतो, याचे उत्तर हवे असेल त्याने कोणत्याही वर्गाच्या दाराशी अर्धा तास उभे राहावे. प्रश्न विचारले जातात ते शिक्षकांकडून, आणि त्यांची उत्तरे विचारणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक असतात. ज्याला खरोखर काही ठाऊक नाही आणि जाणून घ्यावयाचे आहे, ते मूल मात्र गप्प बसलेले असते. व्यवहारात माणूस अज्ञात गोष्टीबद्दल विचारतो. शाळा ही बहुधा एकच जागा अशी की जेथे ज्ञात गोष्टीबद्दल विचारले जाते. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, मुंग्यांना वाट कशी सापडते, भाकरी फुगते कशी, असे विचारून घर डोक्यावर घेणारे मूल चौथी-पाचवीपर्यंत 'हे परीक्षेत येणार आहे का?' एवढा एकच प्रश्न विचारू लागते. या स्थित्यंतराला आपण शिक्षण म्हणतो.

याचा दोष सामान्यतः शिक्षकाच्या माथी मारला जातो. तो सोयीस्कर असला तरी न्याय्य नाही. मुलाला प्रश्न विचारू न देणाऱ्या शिक्षकाला स्वतःला तरी प्रश्न विचारण्याची मुभा कितपत असते, याचा विचार क्वचितच होतो. अभ्यासक्रम कोणी ठरवला, हा धडा सहावीतच का, तो गाळला तर काय बिघडेल, परीक्षेत नेमके काय तपासले जाते, हे त्याने कोणाला विचारावे? त्याच्या हाती येते ते छापील पुस्तक, घटकनियोजनाचा तक्ता आणि वरून आलेले परिपत्रक. ज्याच्या स्वतःच्या जिज्ञासेला व्यवस्थेत जागा नाही, त्याने मुलांच्या जिज्ञासेची जोपासना करावी, ही अपेक्षा विहिरीत नसलेले पाणी पोहऱ्यात शोधण्यासारखी आहे.

या संदर्भात मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, तीस वर्षे चाललेला प्रयोग पुन्हा आठवण्याजोगा आहे. 1972 मध्ये 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी जिल्ह्यातील सोळा ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान नव्या पद्धतीने शिकविण्याची परवानगी राज्य सरकारकडून मिळविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक व प्राध्यापक तिच्या मदतीला आले. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील त्या स्तरावरच्या सर्व शाळांत नेण्यात आला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली आणि कालांतराने तो इतर जिल्ह्यांतील शाळांतही पोहोचला. काही निवडक, संपन्न शाळांतील ही हौस नव्हती. साध्या सरकारी शाळांतील, सरकारी वेतनावरील शिक्षकांनी हे काम केले, हे विसरता कामा नये.

या कार्यक्रमाचे 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक नेहमीच्या अर्थाने पाठ्यपुस्तक नव्हते. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते. तयार उत्तरे नव्हती. मुलांनी चौघाचौघांच्या टोळ्या करून प्रयोग करावेत, निरीक्षणे वहीत नोंदवावीत, मग वर्गात त्यांवर चर्चा व्हावी, अशी पद्धत होती. पाने गोळा करून त्यांचे गट पाडताना गट कोणत्या कसोटीवर पाडावयाचे, हे मुलांनीच ठरवावयाचे. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवण्यास परवानगी होती, कारण स्मरणशक्ती तपासण्याचा हेतूच नव्हता. शिवाय प्रात्यक्षिकालाही गुण होते. मुलांच्या शंकांना पत्राने उत्तर देण्यासाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले, आणि त्याच्या नावाने खेड्यापाड्यांतून मुलांची खरीखुरी पत्रे येत राहिली. प्रश्न विचारण्यासाठी हक्काचा पत्ता मिळाला की मुले प्रश्न विचारतात, ही साधी गोष्ट त्यातून दिसली.

परंतु या प्रयोगाचे मर्म मुलांच्या टोळ्यांपेक्षा शिक्षकांच्या गोष्ठींत होते. उन्हाळ्याच्या सुटीतील प्रशिक्षणात शिक्षक व्याख्याने ऐकत बसत नसत. मुलांनी करावयाचे तेच प्रयोग ते स्वतः करीत, चुकत, वाद घालीत. शाळा सुरू झाल्यावर परिसरातील शिक्षक दरमहा एकत्र जमत. कोणता प्रयोग वर्गात फसला, कोणत्या प्रश्नाने मुले गोंधळली, मुलांनी अनपेक्षित असे काय विचारले, याची तेथे मोकळी चर्चा होई. शिक्षकांच्या या अनुभवांच्या आधारे पुस्तकाचे धडे बदलण्यात आले. ज्याला वर्षानुवर्षे केवळ अंमलबजावणी करण्यास सांगितले गेले होते, त्याचे म्हणणे ऐकून पुस्तक बदलते, हा अनुभव त्या शिक्षकाला नवा होता. विद्यापीठातील वैज्ञानिकासमोर बसून 'हे मला समजले नाही' असे म्हणण्यात त्याला कमीपणा वाटेनासा झाला, आणि म्हणूनच वर्गात एखाद्या मुलापुढे 'मला ठाऊक नाही, आपण शोधून काढू' असे म्हणणे त्याला शक्य झाले.

शिक्षकांनी एकत्र बसून विचार करावा, ही कल्पना काही त्या प्रयोगापुरती नव्हती. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसरातील शाळांचे समूह बांधून शिक्षकाचा एकाकीपणा मोडण्याची शिफारस केली होती. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. 1993 मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न तपासला. मुलांच्या पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक जड आहे, असा तिचा निष्कर्ष होता. अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके तयार करण्यात शिक्षकांचा सहभाग वाढवावा, असेही तिने सुचविले. शिफारशींची वाण आपल्याकडे कधीच नव्हती.

असे असताना होशंगाबादचा कार्यक्रम 2002 मध्ये राज्य सरकारने बंद केला. त्याच्यावरचे आक्षेप सर्वस्वी पोकळ होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ही मुले पुढे दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, अशी तक्रार होती. समर्थकांना ती मान्य नव्हती. पण पालकांच्या मनातील भीती खरी होती. खेड्यातील शेतकऱ्याच्या वा मजुराच्या दृष्टीने परीक्षा ही मुलाला वर चढण्याची एकमेव शिडी असते, आणि ती शिडी सर्वांसाठी सारखी असावी, ही त्याची मागणी गैर नव्हती. आठवीपर्यंत विचार करावयास लावावयाचे आणि दहावीत पाठांतराला गुण द्यावयाचे, या विसंगतीत भरडला जाणार होता तो त्याचाच मुलगा. मात्र या विसंगतीवर उपाय दोन होते. एक, दहावीची परीक्षा विचाराला अनुकूल करणे. दुसरा, विचार करावयास लावणारा कार्यक्रम बंद करणे. दुसरा सोपा होता, तो स्वीकारण्यात आला. तीस वर्षे ज्यांनी हे काम केले त्या शिक्षकांच्या गोष्ठींतून तो निर्णय निघाला नव्हता, हे विशेष ध्यानात घ्यावे.

हीच विसंगती आज कायद्याच्या अंगातही मुरलेली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये मुलांनी कृतीतून, शोधातून, धांडोळ्यातून शिकावे आणि ती भयमुक्त असावीत, असे म्हटले आहे. त्याच कायद्याचे कलम 24 शिक्षकाला संपूर्ण अभ्यासक्रम नेमून दिलेल्या मुदतीत पूर्ण करण्याचे कर्तव्य सांगते. सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस कामाचे. आता समजा, एखाद्या मुलाने इंद्रधनुष्य अर्धवर्तुळाकारच का दिसते असे विचारले, आणि वर्गाचे तीन दिवस त्यात गेले. शिक्षकाने कलम 29 पाळले. कलम 24 चे काय? तपासणीस आलेला अधिकारी किती धडे झाले हे मोजू शकतो, किती मुलांना प्रश्न पडला हे मोजण्याचे माप त्याच्यापाशी नसते. जे मोजले जाते तेच शिकवले जाते, हा नोकरशाहीचा न लिहिलेला नियम अशा वेळी दोन्ही कलमांवर मात करतो.

महाराष्ट्रात शाळांचे समूह आहेत, केंद्रे आहेत, केंद्रप्रमुखांची पदे आहेत, केंद्रस्तरावर शिक्षण परिषदाही भरतात. म्हणजे होशंगाबादला जी गोष्ठ कष्टाने उभारावी लागली, तिचा सांगाडा येथे तयार आहे. त्यात प्राण किती आहे, हे ज्या त्या केंद्रातील शिक्षकांनीच सांगावे. जेथे परिषदेचा वेळ माहितीचे तक्ते भरण्यात, योजनांचा आढावा घेण्यात आणि परिपत्रकांच्या वाचनात जातो, तेथे शिक्षकांची सभा होते, शिक्षणाची चर्चा होत नाही. या परिषदांतील निदान एक तास असा राखून ठेवावा की ज्यात कोणतेही परिपत्रक वाचले जाणार नाही. त्या महिन्यात मुलांनी विचारलेले आणि शिक्षकाला उत्तर न आलेले प्रश्न तेथे मांडावेत. कोणता धडा मुलांच्या डोक्यावरून गेला आणि का, हे सांगावे. त्याचे टिपण पाठ्यपुस्तक मंडळाकडे जावे आणि मंडळाने त्याला उत्तर देण्याचे बंधन पाळावे. यासाठी नवी पदे नकोत की मोठा निधी नको. उत्तर न येणे हा शिक्षकाचा अपराध नाही, एवढे मान्य करण्याचे धैर्य मात्र हवे.

अडचणी उघड आहेत. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग सांभाळण्याची पाळी जेथे येते, तेथे चर्चेला सवड काढणे सोपे नाही. निवडणूक आणि जनगणनेची कामे कायद्यानेच शिक्षकाच्या वाट्याला ठेवली आहेत. स्वतः पाठांतरातून शिकलेल्या शिक्षकाला मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा वाटू शकतो. पण ही कारणे चर्चा पुढे ढकलण्याची नसून तिचा प्रारंभ कोठून करावा हे सांगणारी आहेत. आपल्या कामाची परिस्थिती काय आहे आणि तिच्यात शिकणे कितपत शक्य आहे, हाही शिक्षणाचाच प्रश्न आहे. आणि तो शिक्षकांनी एकेकट्याने कुरकुरत न विचारता एकत्र बसून विचारला, तर त्याला वजन येते.

मुलाची जिज्ञासा शाळेने निर्माण करावी लागत नाही. ती घेऊनच ते शाळेच्या पायऱ्या चढते. आठ-दहा वर्षांनी ते त्या पायऱ्या उतरते तेव्हा ती त्याच्यापाशी शिल्लक आहे की नाही, एवढेच शाळेला पाहावयाचे असते. त्यासाठी वर्गात निदान एक माणूस असा लागतो, की ज्याला स्वतःला अजून प्रश्न पडतात. तो माणूस टिकवणे हे अभ्यासक्रमाच्या कोणत्याही सुधारणेहून आधीचे काम आहे.