पदरमोड

गेल्या पावसाळ्यात धुळ्याहून एक मुलगा मला भेटायला जळगावला आला. दिवसा यंत्रमागावर काम करतो, रात्री लिहितो. पिशवीतून त्याने तीन जाड वह्या काढल्या. मराठीत लिहिलेली कादंबरी होती. म्हणाला, "चाचा, एक जण छापून देतो म्हणतो, पण चाळीस हजार मागतो. अम्मीचे दागिने गहाण ठेवावे म्हणतोय. ठेवू का?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. लिहिणारा गावोगाव आहे आणि प्रत्येकाला वाटते, पुस्तक निघाले की आपण लेखक झालो.

आधी हिशेब पाहू. समजा, पुस्तकाची किंमत तीनशे रुपये आहे आणि लेखकाला दहा टक्के मानधन ठरले आहे. म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. हजार प्रती खपल्या तर तीस हजार. नव्या लेखकाच्या हजार प्रती खपायला पाच वर्षे लागली, तर महिन्याला पाचशे रुपये पडतात. हे झाले प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढले तर. लेखकानेच पैसे भरले, तर छापणाऱ्याचा नफा छापतानाच वसूल झालेला असतो. मग प्रती विकण्यासाठी त्याने धावपळ कशाला करावी?

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा पहिला कवितासंग्रह मी पतपेढीचे कर्ज काढून छापला. गठ्ठे घरी आले, खाटेखाली गेले. ओळखीच्यांना प्रती वाटल्या, उरलेल्यांना वाळवी लागली. संग्रह संपला, हप्ते संपले नव्हते. पण खरे नुकसान पैशाचे नव्हते. पुस्तक छापण्याची घाई झाल्यामुळे ज्या कविता अजून वर्षभर वहीत राहायला हव्या होत्या, त्या कच्च्याच बाहेर पडल्या. त्या आता परत बोलावता येत नाहीत.

थांबणे म्हणजे काय, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका लेखकाकडून शिकावे. भालचंद्र नेमाडे सांगवीचे, शेतकरी घरातले, जन्म १९३८ चा. 'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ती त्यांनी अवघ्या पंधरवड्यात लिहिली, हे सगळे कौतुकाने सांगतात. पुढचे मात्र कोणी सांगत नाही. पहिल्याच कादंबरीचा एवढा बोलबाला झाल्यावर दुसरा कोणी दरसाल एक कादंबरी काढत बसला असता. नेमाड्यांची दुसरी कादंबरी 'बिढार' आली १९७५ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. 'जरीला' १९७७ मध्ये, 'झूल' १९७९ मध्ये. आणि त्यानंतर 'हिंदू' आली ती थेट २०१० मध्ये, एकतीस वर्षांनी. २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला.

एवढे थांबणे त्यांना कसे परवडले? पोट लेखनावर नव्हते, म्हणून. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी अध्यापन केले. पगार तिकडून येत होता, त्यामुळे कादंबरीला कोणाच्या दारात जाऊन उभे राहावे लागले नाही. लेखकाचा 'लेखकराव' कसा होतो, हे त्यांनीच ऐन उमेदीत लिहून ठेवले आहे.

यावर तो मुलगा म्हणेल, प्राध्यापकाला पगार असतो, मागावरच्या माणसाने काय करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला आसोद्याच्या लेकीत सापडते. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत. घरातल्या मुलांनी त्या उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. बहिणाबाईंनी ते पाहिले नाही. पण पुस्तक नव्हते तेव्हाही त्या कवयित्री होत्याच. त्यांना हवा होता तो ऐकणारा आणि उतरवून घेणारा माणूस. दागिने मोडून छापखाना मिळतो, असा माणूस मिळत नाही.

मुलाच्या वह्या मी नंतर वाचल्या. मागाचा खडखडाट, वीज गेल्यावरची शांतता, पगाराचा शनिवार, हे सारे त्याने जिवंत उतरवले आहे. पण त्यातली अम्मी शाळेच्या पुस्तकासारखी मराठी बोलते. आमच्या घरांत दखनी वळणाची उर्दू, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी असते. लिहायला बसलो की आम्हीच ती सरमिसळ पुसून टाकतो, कारण 'तुम्ही मराठीत लिहिता?' या प्रश्नाची धास्ती असते. मीही पुष्कळ वर्षे पुसली. सोलापूरला १९९० मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा कुठे ही भीड चेपू लागली. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर पुण्याला गेला तरी पुण्याची मराठी पांघरून बसत नाही, हेही त्याच वेळी नीट कळले.

तेव्हा बेटा, ऐक. दागिने अम्मीच्या अंगावर राहू देत. कादंबरी पुन्हा लिही आणि अम्मीला तिच्या बोलीत बोलू दे. एखादे प्रकरण दिवाळी अंकाला पाठव. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी कर. प्रकाशक भेटला तर करार लेखी कर. प्रती किती, मानधन किती, हक्क किती वर्षांसाठी, सगळे त्यात येऊ दे. मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे दिलेला हक्क पाच वर्षांचाच धरतात, हेही ध्यानात ठेव.

आणि दर महिन्याला एक वही घेऊन ये. मी वाचीन, तू ऐक. नंतर तू वाच, मी ऐकेन. माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी मला असे कोणी भेटले नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)