पन्नाशीनंतरची पहिली मोटारसायकल : गाडीबरोबर विमाही पारखून घ्या

कापडाचा तागा समोर आला की आम्ही आधी पोत पाहतो, मग पन्हा मोजतो आणि भावाचे शेवटी बोलतो. तीस वर्षे आमचा हाच शिरस्ता आहे. पहिली मोटारसायकल घेताना मात्र आम्ही गाडी पारखली आणि विम्याचा कागद न वाचताच गल्ल्यात टाकला. त्या चुकीची किंमत आम्ही मोजली आहे. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना ती मोजावी लागू नये, म्हणून हा लेख.

मालेगावात आमचा कापडाचा धंदा. कारखाने, सायझिंग, गोदाम अशी दिवसभर धावपळ. आधी सायकल होती, पुढे थोरल्या मुलाच्या गाडीवर मागे बसून फिरलो. मुलगा धंद्यासाठी सुरतला गेला आणि रोजचे रिक्षाभाडे जड वाटू लागले. तेव्हा वयाच्या ५४ व्या वर्षी आम्ही गाडी शिकायचे ठरवले.

गाडी कोणती घ्यावी?

मुलगा फोनवर म्हणाला, "अब्बा, घेताच आहात तर साडेतीनशे सीसीची घ्या, रुबाब दिसेल." आम्ही रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० स्टँडवरून उतरवून पाहिली. १९५ किलोची गाडी जराशी कलली आणि सावरताना घाम फुटला. हिरोची स्प्लेंडर प्लस ११२ किलोची, सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर. दोन्ही पाय नीट टेकले. रुबाब बाजूला ठेवून तीच घेतली.

उतारवयात शिकणारा माणूस वेगात कमी आणि थांबताना, वळताना जास्त पडतो. म्हणून शोरूममध्ये इंजिनाच्या ताकदीआधी गाडीचे वजन आणि सीटची उंची विचारा. गाडी बंद ठेवून दहा पावले ढकलून पाहा. ब्रेकही पाहा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी सोय, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. जुनी गाडी घेत असाल तर ही सोय तिच्यात आहे का ते तपासा. जुन्या गाडीचा विमाही आपल्या नावावर करायला हवा. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो.

गुडघे दुखत असतील तर बिनगिअरची स्कूटर बरी. मात्र बिनगिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

चाळिशी ओलांडलेल्यांना कच्च्या लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागतो. कच्चे लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. पन्नास ते पंचावन्न या वयात काढलेले पक्के लायसन्स साठीपर्यंत चालते. पंचावन्ननंतर ते पाच वर्षांचे मिळते.

आमची चूक

जुम्म्याला कारखाने बंद, रस्ते मोकळे. भाच्याला मागे बसवून आम्ही पहाटे शिकत होतो. तीन आठवड्यांत हात बसला असे वाटले. एका सोमवारी गिऱ्हाईक घाईत होते. भाचा घरी नव्हता. मागच्या सीटवर चार तागे दोरीने बांधले आणि एकटेच निघालो. मोसम पुलाच्या अलीकडे वळताना ओझे एका बाजूला सरकले आणि गाडी आडवी झाली. हाताला खरचटले, हँडल वाकले, टाकीला पोचा आला. खर्च ४,३०० रुपये.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने दोनच प्रश्न विचारले : सोबत लायसन्सवाला कोण होता? मागे काय बांधले होते? आम्ही खरे ते सांगितले. दावा नामंजूर झाला.

मग भाच्याकडून इंग्रजी कागद ओळीओळीने वाचून घेतला. त्यात स्पष्ट लिहिले होते की कच्चे लायसन्स असणाऱ्याने मोटार वाहन नियमांतील नियम ३ पाळला पाहिजे. म्हणजे मागेपुढे 'एल'ची पाटी हवी आणि शिकवणारा पक्के लायसन्सवाला सोबत हवा. त्याच्याखेरीज मागे कोणालाही बसवायचे नाही. दुसरी अट आपल्या धंद्याच्या वर्मावर बोट ठेवणारी : खाजगी गाडीवर नमुने व स्वतःचे सामान चालते, पण मालवाहतुकीला विमा लागू नाही. चार कटपीस दाखवायला नेणे वेगळे आणि तागे पोचवणे वेगळे. माल पोचवायला मालवाहू रिक्षाच करावी.

विम्यात काय पाहावे?

विमा घ्यावा की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. मात्र थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी तो वर्षाला ७१४ रुपये, कर वेगळा.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. "पाच वर्षांचा विमा आहे" म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी चोरी झाली की हात रिकामे. तेव्हा दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. मालकाच्या अपघाताचे १५ लाखांचे संरक्षणही पाहा. त्यालाही वैध लायसन्स लागते.

आमचे ४,३०० रुपये गेले, ते आम्ही वहीत नुकसानीत लिहिले. पण त्या सोमवारी पुलाजवळ एखादे पोर आडवे आले असते तर? अट मोडलेली असेल तर न्यायालय पुष्कळदा कंपनीला जखमीची भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते. तशी वेळ आली असती तर दुकान विकूनही आमचे भागले नसते.

पक्के लायसन्स येईपर्यंत आम्ही पुन्हा एकटे निघालो नाही. आता गाडीवर फक्त नमुन्यांची पिशवी असते आणि डोक्यावर आयएसआय छापाचे हेल्मेट. बंधूंनो, गाडीची किल्ली हातात घेण्याआधी विम्याचा कागद कोणाकडून तरी वाचून घ्या.