टिंब खरे की डाग? : लेसर प्रिंटरचे रोगनिदान

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची घराणी शिंदेशाहीत उज्जैनला आली आणि क्षिप्राकाठचीच झाली. कपाटातली वंशावळ, आजीच्या आठवणी, मोडीतून उतरवलेली पत्रे आता घरीच टाइप करून लेसर प्रिंटरवर दहा-वीस प्रतींत काढली जातात. मूळ कागद जीर्ण होणार. पुढची पिढी ही प्रतच खरी मानणार. म्हणून छपाईतला दोष क्षुल्लक समजू नका. देवनागरीत एक टिंबही पुरते. आमच्या घरच्या आठवणी मी छापल्या, तेव्हा ‘चिंता मिटली’ची ‘चिता मिटली’ झाली. बारीक पांढरी रेघ नेमकी अनुस्वारावरून गेली होती. पुढच्या पानावर ‘पत’ या शब्दावर काळा ठिपका पडून ‘पंत’ अवतरले. फाइलमध्ये दोन्ही शब्द बिनचूक होते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर, यंत्रांचा नव्हे. पण या यंत्राचे आमच्या औषधपेटीशी जुने नाते आहे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी या पद्धतीची पहिली प्रत काढली, ती गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर लायकोपोडियमची भुकटी टाकून. सल्फर, झिंकम, लायकोपोडियम : तिन्ही आमच्या पेटीतली! आज गंधकाच्या जागी प्रकाशसंवेदी ड्रम आहे आणि भुकटीच्या जागी टोनर. लेसरचा किरण ड्रमवर विद्युतभाराने अक्षरे रेखतो, त्यांना टोनर चिकटतो, तो कागदावर उतरतो आणि शेवटी फ्यूजरच्या उष्णतेने व दाबाने पक्का बसतो. बिघाड यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, ते लक्षणांवरून कळते.

सगळे पान फिके असेल, तर टोनर-बचतीची सोय चालू राहिली आहे का, ते पाहा. नसेल तर कार्ट्रिज काढून आडवे धरा आणि अलगद हलवा. तेवढ्यापुरते सुधारले, तर टोनर संपत आला आहे. उभी पांढरी रेघही पुष्कळदा याच उपायाने जाते. न गेल्यास लेसरच्या काचेवर धूळ असू शकते. उभी काळी रेघ म्हणजे बहुधा ड्रमवर ओरखडा. तिथे कार्ट्रिज किंवा ड्रम बदलणे आले.

अक्षर बोटाने पुसले जात असेल, तर टोनर नीट वितळलेला नाही. जाड कागद लावून सेटिंग साध्या कागदाचे ठेवले की असे होते. पावसाळ्यात सर्दावलेला कागदही छपाई बिघडवतो. रीम बंद पिशवीत ठेवा.

आता तो फसवा अनुस्वार. ठिपका पानावर खाली खाली ठरावीक अंतराने पुन्हा येतो का, ते फूटपट्टीने मोजा. येत असेल, तर दोष फिरत्या रुळावर आहे आणि ते अंतर म्हणजे त्या रुळाचा परीघ. २४ मि.मी. व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ७५ मि.मी.; म्हणजे ए-फोर पानावर ठिपका तीन-चारदा दिसेल. आमचे ‘पंत’ असेच ७५ मि.मी.वर सापडले आणि कार्ट्रिज बदलताच गेले. रुळांची मापे यंत्रागणिक वेगळी. ती दुरुस्तीच्या पुस्तिकेत मिळतात.

दोन पथ्ये पाळा. ड्रमला हात लावू नका, तो उजेडात ठेवू नका. फ्यूजर फार तापतो. यंत्र बंद करून निवू द्या. सांडलेला टोनर कोरड्या कापडाने टिपा आणि हात थंड पाण्याने धुवा.

वंशावळ छापण्याआधी फक्त पृष्ठांक असलेले एक पान काढा. त्यावर दुसरे जे काही दिसेल, ते तुमच्या आजोबांनी लिहिलेले नाही.