कल्पना कोणी पेरली?

रोगजंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, तशाच कल्पनाही जातात. बहुतेक आपोआप पसरतात. काही मात्र मुद्दाम घडवून समाजात सोडलेल्या असतात. अशा दोन कल्पनांची हकीकत पाहू.

३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यू यॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर नटूनथटून निघालेल्या गर्दीत काही तरुणींनी सर्वांसमक्ष सिगारेटी पेटवल्या. स्त्रीने रस्त्यात सिगारेट ओढणे तेव्हा अशिष्ट समजले जाई. या सिगारेटी म्हणजे ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ आहेत, असे सांगण्यात आले आणि वृत्तपत्रांनी ती बातमी देशभर नेली. अमेरिकेत स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. त्यामुळे तो शब्द मनाला भिडणारा होता.

वाचकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. हा सारा बेत एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धी-सल्लागाराचा होता आणि त्याचे पैसे ‘लकी स्ट्राइक’ सिगारेट बनवणारी अमेरिकन टोबॅको कंपनी देत होती! बर्नेज हे मनोविश्लेषक फ्रॉइड यांचे भाचे. ‘मशाली’ची कल्पना त्यांना ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाकडून मिळाली. अर्थात, स्त्रियांमधील धूम्रपान आधीच वाढू लागले होते. सारा दोष त्या एका दिवसावर टाकता येणार नाही.

आता दुसरी हकीकत. १९८८ साली हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील जे विन्स्टन यांनी दूरदर्शन-मालिकांच्या लेखकांना गाठले. मद्यपानाला जमलेल्या मित्रांपैकी एकाने त्या दिवशी थेंबही न घेता सर्वांना गाडीने घरी पोचवावे, ही कल्पना पात्रांच्या बोलण्यात घाला, अशी त्यांनी विनंती केली. लेखकांनी ती मानली. मोहीम जाहीर होती. परंतु मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असेलच असे नाही.

मग दोहोंत फरक कोणता? हेतू चांगला होता, एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपला हेतू चांगला असल्याचे सर्वच प्रचारक सांगतात. त्याऐवजी कल्पनेची परीक्षा अशी घेता येईल: ती कोणी, कशासाठी पेरली हे कळल्यावरही ती टिकते का? न प्यालेल्याने गाडी चालवावी, यामागचे कारण विन्स्टन यांचे नाव कळले तरी तसेच राहते. मशालीमागे कंपनीचा खिसा दिसला, की स्वातंत्र्याचा आणि सिगारेटचा संबंधच तुटतो. ती कल्पना लपवाछपवीवरच उभी होती.

धूम्रपानाचे धोके सिद्ध झाल्यावर, १९६० नंतरच्या दशकात, बर्नेज सिगारेटविरोधी प्रचारात उतरले.