पिकअप क्लच बेलच्या दातांत असतो

रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो ट्रकचा पिकअप कमी वाटू लागला की खरेदीची यादी तयार होते: मोठं इंजिन, जास्त नायट्रोमिथेनचं इंधन, नवा एक्झॉस्ट पाइप. सगळ्यांत स्वस्त वस्तू मात्र त्या यादीत बहुतेकदा नसते. ती म्हणजे एक दात कमी असलेली क्लच बेल. गिअरिंगबद्दलचे काही समज इतके पक्के बसले आहेत की या छोट्या भागाकडे कोणाचं लक्षच जात नाही.

क्लच बेल इंजिनाच्या शाफ्टवर बसते. रेस वाढली की आतले क्लच शूज बाहेर फाकतात, बेलला धरतात आणि बेल फिरू लागते. तिचे दात मोठ्या स्पर गिअरला फिरवतात. तिथून जोर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधून चाकांपर्यंत पोचतो.

पहिला समज असा, की मोठी बेल लावली म्हणजे गाडी सगळ्याच बाबतींत जोरात जाणार. प्रत्यक्षात बेल मोठी केली की चाकांना मिळणारा टॉर्क कमी होतो. पिकअप हवा असेल तर बेल लहान करायची किंवा स्पर मोठा करायचा. गिअरची सायकल घाटात चढवताना पुढची लहान चकती का निवडतात, त्यामागचं कारण हेच आहे. गिअर इंजिनाची ताकद वाढवत नाही. आहे ती ताकद वेगासाठी खर्च करायची की ओढीसाठी, एवढंच तो ठरवतो.

‘एका दातानं काय फरक पडतो?’ असं सर्रास विचारलं जातं, म्हणून हिशोबच मांडू. समजा स्परला ५० दात आहेत आणि बेलला १५. गुणोत्तर झालं ३.३३. बेल १४ दातांची केली की ते ३.५७ होतं, म्हणजे चाकांवरचा टॉर्क सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. तेवढाच फरक स्पर बदलून हवा असेल तर तो ५३ किंवा ५४ दातांचा घ्यावा लागेल. बेलचा एक दात इथे स्परच्या तीन-चार दातांच्या बरोबरीचा आहे. म्हणून मोठा बदल बेलनं करावा आणि बारीक जुळवणी स्परनं. एका वेळी एकच दात बदलावा. दोन दात एकदम उतरवले की गाडी नेमकी कशामुळे सुधारली किंवा बिघडली, ते कळत नाही.

या ७ टक्क्यांची किंमत टॉप स्पीडमध्ये मोजावी लागते. इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल, इंजिनाच्या १५ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होत असेल आणि टायरचा व्यास १५० मिलिमीटर असेल, तर हिशोबानं वेग ताशी साधारण ५६ किलोमीटर येतो. एक दात कमी केल्यावर तो ५३च्या आसपास उतरतो. लांब सरळ रस्त्यावर हे जाणवेल. मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर ट्रक त्या वेगापर्यंत क्वचितच पोचतो, त्यामुळे तिथे हा सौदा मला तरी फायद्याचाच वाटतो.

उलट बाजूचा गैरसमज अधिक महागात पडतो. बेल मोठी करत गेलो की टॉप स्पीडही वाढतच जाणार, असं मानलं जातं. चार-पाच किलोचा ट्रक आणि मोठे टायर ओढताना इंजिन आपल्या ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोचलंच नाही, तर पिकअपही जातो आणि वेगही. शिवाय क्लच जास्त वेळ घसरत राहतो, बेल तापते आणि तिची बेअरिंग्ज लवकर जातात.

टायर बदलताना गिअरिंगची आठवण कोणालाच होत नाही. १५० मिलिमीटरचे टायर काढून १६५चे लावले, तर ते गिअरिंग १० टक्के उंच, म्हणजे बेल मोठी केल्यासारखंच आहे. ‘नवे टायर लावल्यापासून गाडीला दम नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं, आणि लोक मात्र कार्बोरेटर उघडून बसतात.

टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीच्या टी-मॅक्ससारख्या दोन गिअरच्या ट्रकांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दुसरा गिअर पडतो तो गिअरबॉक्समधल्या शाफ्टच्या फेऱ्यांवर, इंजिनाच्या फेऱ्यांवर नाही. त्यामुळे बेल लहान केल्यावर गाडी पूर्वीच्याच वेगाला गिअर बदलते, पण त्या वेळी इंजिन जास्त फेरे घेत असतं. पहिल्या गिअरमध्ये ते उगाच किंचाळत राहतंय असं ऐकू आलं, तर शिफ्टच्या स्क्रूवरचा ताण थोडा सैल करावा, म्हणजे दुसरा गिअर लवकर पडेल. बेल बदलून हे न करणारे अर्धाच फायदा घेतात.

पिकअपचा प्रत्येक दोष गिअरिंगचा नसतो. थ्रॉटल दाबल्यावर भरपूर धूर सोडत गाडी अडखळत असेल, तर लो-स्पीड नीडल रिच आहे, म्हणजे इंधन जास्त जातंय; आधी ती जुळवा. नीडल गरजेपेक्षा लीन करून मिळवलेला पिकअप काही मिनिटांचाच असतो, कारण तेल इंधनातच मिसळलेलं असतं आणि इंधन कमी म्हणजे वंगणही कमी. लहान बेल लावून लांब सरळ रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवणंही इंजिनाला तितकंच घातक. दर बदलानंतर ग्लो प्लगजवळचं तापमान पाहावं. ते साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअसमध्ये असेल तर काळजी नाही.

आणि चाकं आधीच जागच्या जागी फिरत असतील किंवा गाडी मागे उलटत असेल, तर आणखी टॉर्क देऊन काय मिळणार? तिथे टायर बदला, किंवा स्परवरचा स्लिपर क्लच थोडा सैल करा. स्लिपर आवळला की पिकअप वाढतो हा समज डिफरन्शियलचे दात तोडतो.

नवी बेल घेताना पिच तपासा. मॉड्यूल १ आणि ३२ पिचचे दात एकमेकांत बसत नाहीत. बेलचा आकार बदलला की इंजिन थोडं सरकवावंच लागतं. मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून दात जुळवा, स्क्रू आवळा, पट्टी काढा आणि स्पर पूर्ण फिरवून पाहा. तो कुठेही घट्ट लागत असेल, तर तिथेच पुन्हा जुळवा. फट फार राहिली तर प्लास्टिकचा स्पर पहिल्याच जोरदार सुरुवातीला सोलला जातो.